निव्वळ वजन

बाबांना हलणाऱ्या खुर्चीवर बसता येत नसे. कुणाकडे गेलो आणि खुर्चीचा एक पाय आखूड निघाला, की ते बोलता बोलता खाली वाकत, खिशातल्या कागदाची घडी करून त्या पायाखाली सारत, पुन्हा बसून बघत आणि मगच यजमानांच्या तब्येतीची चौकशी करत. आई म्हणायची, "यांना पाहुणा म्हणून बोलावूच नये कुणी. सुतार म्हणून बोलवावं, निदान चहा तरी सुखानं पितील."

ते वजनकाटे दुरुस्त करत. बाजारामागच्या गल्लीत आमचं दुकान होतं, दहा बाय बाराचं. दारात माणूस उभा राहील एवढा प्लॅटफॉर्म काटा, आत फळीवर पोटं उघडी पडलेली यंत्रं, स्प्रिंगा, पारडी, आणि एका लाकडी पेटीत खाचांमध्ये बसवलेली पितळी वजनं. त्या वजनांना उघड्या हातानं शिवायचं नाही. बोटाचा घामसुद्धा वजनात उतरतो, असं बाबांचं म्हणणं. लोक त्यांना काटेवाले म्हणत आणि जरा टरकून असत, कारण खोटा काटा दुरुस्तीला टाकला तर तो खोटाच परत मिळायची सोय नव्हती. "थोडा आमच्या बाजूला राहू द्या की," असं कुणी हळूच म्हणालं, की बाबा काटा उचलून त्याच्या हातात देत आणि दाराकडे बघत राहत. भांडत नसत. पण नंतर दिवसभर त्यांना बसवत नसे. उगाच फळीवरच्या वस्तू इकडच्या तिकडे करत.

मी जन्मले ती दोन किलोच्या आत. दवाखान्याच्या काट्यावर भरवसा नाही म्हणून बाबांनी मला घरी न्यायच्या आधी दुकानात आणून पारड्यात ठेवलं होतं. हे आई अजूनही रागानंच सांगते. तेव्हापासून माझं नाव छटाक. दाखल्यावर दुसरं आहे, पण ते परीक्षेपुरतं.

बाबांचं रक्त ओ निगेटिव्ह, आणि माझंही तेच. हा गट सहज सापडत नाही. मोठ्या दवाखान्याच्या रक्तपेढीत अशा माणसांची एक यादी असते आणि त्या यादीत बाबांचं नाव वीस-एक वर्षं वरच्या ओळीत होतं. फोन आला की हातातला स्क्रू अर्धा फिरवलेला तसाच सोडून ते निघत. ते काम अर्धं सोडत असं हे एकच कारण. लहानपणी मीही बरोबर जायचे. तिथल्या तंत्रज्ञांना मी सुईकाका म्हणायला लागले आणि झाडूवाल्या मावशींपासून सगळ्यांनी ते नाव उचललं.

मग बाबांना इन्सुलिन सुरू झालं. इन्सुलिन घेणाऱ्याचं रक्त घेत नाहीत. नाव यादीतून गेलं, पण सुईकाकांची सवय गेली नाही. अडलं की त्यांचा फोन यायचाच, "काटेवाले, तुमच्या ओळखीत कुणी आहे का हो?" बाबा नाही म्हणायचे, फोन ठेवायचे आणि पेटी उघडून आदल्याच दिवशी तपासलेली वजनं पुन्हा तपासायला बसायचे. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी.

मला अठरा पूर्ण झाली त्या सकाळी ते दुकानाच्या दारातच थांबले होते. नियम त्यांना पाठ. अठरा वर्षं आणि पंचेचाळीस किलो.

"एक झालं," ते म्हणाले. "आता दुसरं. ये, उभी राहा."

त्रेचाळीस किलो सहाशे.

तेव्हापासून रोज दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक मी. उपाशीपोटी. चपला बाजूला, घड्याळ, कानातलं, केसांचा चाप, सगळं फळीवर. बाबांच्या धंद्यात वजन म्हणजे निव्वळ वजन. डबा वेगळा, आतला माल वेगळा, आणि डब्याचं वजन मालात धरणारा तो चोर. सकाळच्या नाश्त्याचं वजन माझं म्हणून धरायचं कसं? वजन झालं की मी घरी जाऊन खायचे. आई दोन्ही वेळेला जास्तीचं वाढायची आणि म्हणायची, "एवढं कुंपणाला घातलं असतं तर कुंपण अंगानं भरलं असतं."

चार महिन्यांत मी चव्वेचाळीस किलो तीनशेवर आले आणि तिथंच अडकले. त्या चार महिन्यांत सुईकाकांचा फोन तीनदा आला. तिन्ही वेळा मी तिथंच होते. तिन्ही वेळा बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग फोनमध्ये सांगितलं, "नाही, अजून कुणी नाही." शेवटच्या दोन वेळा मला म्हणाले, "सातशे ग्रॅम राहिलेत गं." मी ते कुठं दडवून ठेवलेत की काय, अशा आवाजात.

मला त्या सातशे ग्रॅमनी वेड लावलं होतं. रस्त्यानं जाताना मी लोकांची वजनं करायचे. हा ऐंशी, ही साठ, तो पोत्यासारखा. एवढी माणसं एवढं रक्त अंगात घेऊन हिंडत होती, कुणालाच त्याची घाई नव्हती.

चौथा फोन आला तेव्हा साडेदहा वाजले होते. बाबा वजनमाप कार्यालयात शिक्के मारून घ्यायला गेले होते. त्यांना लवकर निघायचं होतं म्हणून माझं वजन करून, दुकान माझ्यावर टाकून ते गेले. फोन मी उचलला.

"काटेवाले कुठंयत?" सुईकाकांचा आवाज घाईचा होता. "बाळंतपणाची केस आहे, संध्याकाळी पाचला ऑपरेशन. एक पिशवी मिळालीय, दुसरी हवी. तपासण्यांनाच चार तास जातात. कुणी आहे का तुमच्याकडे?"

"मी आहे."

"तू? छटाक? अठरा झाली का तुला?"

"झाली."

"आणि वजन?"

"येते मी," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

खोटं बोलले नाही, पण खरंही टाळलं. शटर ओढलं. सातशे ग्रॅमसाठी कुणी परत पाठवत नसेल, असं मी रस्ताभर स्वतःला सांगत होते. बाबा असते तर पाठवलं असतं, हेही कळत होतं.

रक्तपेढी तळमजल्यावर, ऑपरेशनची खोली बरोबर वर. भिंतीला लावलेल्या चार खुर्च्या, टेबल, टेबलावर निळं पाणी भरलेला काचेचा ग्लास, आणि कोपऱ्यात उभा, गोल तबकडीचा जुना काटा. माझ्या आधी रक्त द्यायला आलेला, दुसऱ्याच गटाचा एक ट्रकचालक होता. पायात जाड बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खिसे फुगलेले. तो तसाच्या तसा काट्यावर चढला, सुईकाकांनी आकडा लिहिला, तो उतरला. आणि काट्याची सुई परत येताना दोनच्या रेघेवर थांबली. शून्यावर आलीच नाही.

सुईकाका मान खाली घालून फॉर्म भरत होते. "हं, छटाक, चढ," ते म्हणाले.

पुढं काय झालं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. मी विचार केला नाही. विचार केला असता तर गप्प चढले असते. सुई दोनवर उभी दिसली आणि माझा हात आपोआप तबकडीच्या मागे गेला. बोटाला स्क्रू लागला. पाव फेरा, आणि सुई शून्यावर. लहानपणापासून दारात उभ्या असलेल्या काट्याला येता-जाता मी हे हजार वेळा केलेलं होतं. मग मी चपला काढल्या. घड्याळ काढलं. कानातलं, चाप, मोबाइल, सगळं टेबलावर ठेवलं.

सुईकाकांनी वर पाहिलं. "अगं, रक्त द्यायला आलीस की आंघोळीला?"

मी चढले. चव्वेचाळीसच्या पुढं एक बारीकशी फट.

"हे काय?" ते पुढं वाकले. "चव्वेचाळीस? हा काटा तर सगळ्यांनाच दोन किलो चढवून देतो. महिना झाला, बाबांना सांगायचं राहूनच जातंय. तू काही केलंस का याला?"

"शून्यावर आणला."

"कुणी सांगितलं होतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. ते कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. ट्रकचालक पलंगावरून मान उंचावून मजा बघत होता. सुईकाका उठून माझ्याजवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, वर ती बाई वाट बघतेय. दोन किलोनं जग बुडत नाही. जसा होता तसा कर."

मी स्क्रूवर बोट ठेवलं. उलटा पाव फेरा, एवढंच होतं. मी काही फार सत्यवचनी मुलगी नव्हते. आईला मी थापा मारायचे, कॉलेजात दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावायचे, आणि आत्ताच फोनवर एक उत्तर गिळून आले होते. पण ते बोट वळेना. पहिल्यांदा वाटलं, स्क्रू अडकलाय. मग कळलं, अडकलेय ती मीच. वर एक बाई आहे, तिला मी पाहिलेलं नाही, ती माझ्या या बोटावर थांबली आहे, हे समजत होतं आणि तरी ते बोट दगडासारखं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं, स्वतःच्या हाताला चावावंसं वाटलं.

"होत नाही," मी म्हणाले.

"होत नाही म्हणजे?"

मी बाबांना फोन लावला.

ते वीस मिनिटांत आले. हातात वीस किलोचं लोखंडी वजन, नुकताच शिक्का मारलेलं, कारण स्कूटरवर सोडून आले तर चोरीला जाईल अशी भीती. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"काटेवाले," सुईकाका म्हणाले, "तुमच्या मुलीनं माझा काटा बिघडवला."

बाबांनी मला बरी आहेस का विचारलं नाही. वजन काट्यावर ठेवलं आणि वाकून पाहिलं. बरोबर वीस.

"बिघडवला नाही," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन सरकून गेलं. अभिमान असावा. पण तो टिकला नाही, कारण पुढच्याच क्षणी त्यांना हिशेब कळला. "म्हणजे ती चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस," सुईकाका म्हणाले. "आता न्या घरी. तुम्ही दोघं खरे, तुमचा काटा खरा, आणि माझी पिशवी रिकामी."

बाबा तिथंच उभे राहिले. एकदा माझ्याकडे, एकदा काट्याकडे बघत. मला वाटलं, ते स्वतःच्या हातानं तो स्क्रू फिरवतात की काय. आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. त्यांनी हात पुढं केलाही. मग तो मागे घेऊन खिशात घातला.

तेवढ्यात रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई आल्या. "काय चाललंय? देणार कोण आहे?"

"ही होती, पण वजन कमी भरलं," सुईकाका म्हणाले.

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पायातल्या चपला कुठायत?"

"काढल्या," मी म्हणाले. "निव्वळ वजनासाठी."

"कशासाठी?"

बाबांनी समजावून सांगितलं. रोजचं वजन, उपाशीपोटी, चाप आणि कानातलंसुद्धा काढून. डबा वेगळा, माल वेगळा. चार महिने.

बाईंना हसू आवरेना. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "अहो काका, हे काय तेलाचं पिंप आहे का? पंचेचाळीस म्हणजे माणूस जसा आला तसा. खाऊनपिऊन, अंगावरच्या कपड्यांत, पायातल्या चपलांत. जगभर तसंच उभे राहतात लोक." मग माझ्याकडे वळल्या. "म्हणजे आत्ताही पोटात काही नाही?"

"नाही."

"मग वजन राहू दे बाजूला. उपाशी मुलीला सुई मी लावूच देत नसते. चक्कर येऊन पडशील आणि वर मलाच बोल लागेल. जा, कँटीनमध्ये जा. नीट खा, भरपूर पाणी पी, मग ये. घाई आहे, पण तेवढी नाही."

ट्रकचालक पलंगावरून ओरडला, "मी बुटासकट चढलो, चालतंय ना मॅडम?"

"तुमचं बुटाशिवायही चाललं असतं," बाई म्हणाल्या.

कँटीनमध्ये बाबांनी माझ्यासमोर दोन केळी, चार उकडलेली अंडी, ब्रेड आणि दुधाचा पेला ठेवला. स्वतः काही घेतलं नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसानं उपाशी राहू नये, हे मी सांगून पाहिलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बोटानं ते टेबलावर रेघा ओढत होते. टेबल हलत होतं. त्यांनी त्याच्या पायाखाली काही घातलं नाही.

"तीनदा," ते म्हणाले.

मला कळलं. मी अंडं चावत राहिले.

"तीनदा फोन आला. तू तिथंच होतीस. खाऊन, चपला घालून तू केव्हाच पंचेचाळीस होतीस."

"पहिल्या वेळी नसेन. तेव्हा त्रेचाळीस होते."

"पहिल्या वेळी नाही," ते म्हणाले. त्यांनी हिशेब तपासून पाहिला. "दोनदा, मग."

"त्यांना दुसरं कुणी मिळालं असेल, बाबा."

"असेल."

मी दूध प्यायले, पाणी प्यायले, आणखी पाणी प्यायले. पोट भरलं होतं तरी मी घास ढकलत होते. घड्याळात साडेबारा होत आले होते. साडेबारा अधिक चार तास म्हणजे साडेचार. पाचला ऑपरेशन. मी उभी राहिले तेव्हा पोटात पाणी डचमळलं.

मी काट्यासमोर गेले तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर हात धुण्याची पद्धत दाखवणारं चित्र होतं, ते वाचू लागले.

"तुम्ही बघता का?" सुईकाकांनी विचारलं.

"तुम्हीच वाचा. काटा बरोबर आहे."

मी चपलांसकट चढले.

"पंचेचाळीस," सुईकाका म्हणाले, "आणि वर थोडं."

बाबा वळले नाहीत. पण मी उतरताना ते हळूच म्हणाले, "वजन खरं आहे. पण ते तुझं आहे का, हे मला सांगता येत नाही." मला त्यांचा राग आला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. "माझ्या पोटात आहे ते माझंच," मी म्हणाले, आणि टेबलाशी जाऊन बोट पुढं केलं.

सुईकाकांनी बोटाला टोचलं आणि रक्ताचा एक थेंब त्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब क्षणभर वरच रेंगाळला. मग सरळ खाली गेला.

"बुडाला. जड आहे रक्त. पास," ते म्हणाले.

पलंग पायाकडून थोडा उचललेला होता. दंडाला पट्टा, हातात दाबायला रबरी चेंडू. सुई शिरताना मी छताकडे बघत होते आणि दुखलं ते अपेक्षेपेक्षा कमीच, पण त्यानंतर जे वाटलं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. नळीतलं रक्त हाताच्या कातडीला टेकून जात होतं आणि ते गरम होतं. आपलं आतलं आपल्यालाच बाहेरून लागत होतं. उठून बसावं, नळी ओढून काढावी, दार उघडून धावत सुटावं असं वाटू लागलं. पायांची बोटं एकसारखी हलत होती.

"पाय कशाला नाचवतेस?" सुईकाका म्हणाले. "चेंडू दाब. रक्त हातातून येतं, पायातून नाही."

पलंगाखाली एका डुलत्या तबकात पिशवी पडली होती. ते तबकही एक काटाच. पिशवी भरली की टिटिट् वाजून थांबतं. बाबा स्टुलावर बसून त्या तबकाकडे बघत होते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला वाटलं, हे आता वाकून त्याचंही शून्य तपासतील. त्यांनी तपासलं नाही. त्यांनी सुईकाकांना विचारलं, "त्या दोन वेळा काय झालं?"

"कुठल्या दोन वेळा?"

"शेवटचे दोन फोन. मला केले होतेत ते. मिळालं का कुणी?"

सुईकाका चिठ्ठ्या चिकटवत होते. एक चिकटवली, दुसरी चिकटवली. "एकदा मिळालं. शेजारच्या दवाखान्यातून आणलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"त्या दिवशी माझी सुट्टी होती, काटेवाले."

"फोन तर तुम्हीच केला होतात."

सुईकाकांनी तिसरी चिठ्ठी चिकटवली. तबक वाजलं. त्यांनी सुई काढली, कापसाचा बोळा दाबून हात दुमडायला लावला, नळीला गाठ मारली. पिशवी उचलून एका मदतनिसाच्या हातात दिली आणि तो ती घेऊन आतल्या दारातून गेला. गडद लाल, लहान उशीएवढी. तिचं वजन किती असेल, हे मला एका नजरेत सांगता आलं असतं. बाबांनाही.

मला पंधरा मिनिटं पडून राहायला सांगितलं होतं. सहाव्या मिनिटाला मी उठून बसले. सुईकाका ओरडले, मी पुन्हा पडले. बिस्किटं दिली, ती खाल्ली. बाबा एकदा बाहेर जाऊन आले, पुन्हा गेले. मावशींनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि जबरदस्तीनं चार बिस्किटं खायला लावली. "बापाला आधी झोपवा, पोरगी धडधाकट आहे," त्या म्हणाल्या.

घरी जायला हरकत नव्हती. आम्ही गेलो नाही. आईला फोन करून सांगितलं. ती आधी ओरडली, मग म्हणाली, "उन्हात उभे राहू नका दोघं." आम्ही आवारातल्या बाकावर बसलो, उठलो, फाटकापर्यंत जाऊन परत आलो. दुकान बंद होतं. कुणाचा तरी धान्याचा काटा तीन वाजता द्यायचा होता, त्याचा फोन येत राहिला. बाबांनी तो उचलला नाही. मी त्यांना एकदा म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं."

"मी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "नियम वाचला आणि आपल्या पद्धतीनं लावला. फोन करून विचारायचं होतं, एवढंच."

त्यांची समजूत काढावी एवढी मोठी मी त्या दिवशी झाले नव्हते. कोपराच्या आत दुखत होतं, आणि ते दुखणं मला बरं वाटत होतं.

साडेचार झाले, पावणेपाच झाले. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांत दिवे लागले. कुठली खिडकी तिची, हे ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्यांकडेच बघत होतो. पाचला पाच मिनिटं असताना सुईकाका दारात आले. आम्ही अजून तिथंच आहोत हे पाहून त्यांनी मान हलवली.

"पिशवी गेली वर," ते म्हणाले.

"वेळेत?" बाबांनी विचारलं.

"हो, वेळेत. घरी जा आता."

"हो," बाबा म्हणाले.

सुईकाका आत गेले. दार मिटलं. मी बाबांच्या बाहीला धरून ओढलं, ते दोन पावलं चालले आणि थांबले. वर बघत म्हणाले, "ऑपरेशनला किती वेळ लागतो गं?"

मलाही माहीत नव्हतं. या वेळी मी आत जाऊन विचारून आले. मग आम्ही पुन्हा बाकावर बसलो.